सामाईक कपाटाच्या किल्ल्या

एकत्र कुटुंबात कपाट सामाईक असले, तरी किल्ल्या सर्वांच्या कमरेला नसतात. घरातील संगणक एकमेकांस जोडताना हीच रीत पाळावी लागते. संस्थांचे देणगी-हिशेब हल्ली कार्यकर्त्यांच्या घरच्या संगणकावरच लिहिले जातात. म्हणून हा विषय येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

जोडणी अवघड नाही. इंटरनेट आणणारा राउटर हाच जाळ्याचा मध्य होय. तो प्रत्येक संगणकास पत्ता देतो. हा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. विंडोजमध्ये घरचे जाळे 'प्रायव्हेट' ठरवावे. 'पब्लिक' ठेवल्यास संगणक इतरांस दिसत नाही. नंतर हवा तो फोल्डर 'शेअरिंग'मधून सामाईक करावा. पूर्वीची 'होमग्रुप'ची सोय विंडोज १० मधून २०१८ साली काढली गेली. तेव्हा जुन्या पुस्तकांतील ती कृती शोधत बसू नये.

खरी गफलत पुढे होते. परवानग्या दोन ठिकाणी असतात. 'शेअरिंग'मधील परवानगी म्हणजे वाड्याची दिंडी, आणि 'सिक्युरिटी'मधील म्हणजे खोलीचे कुलूप. जाळ्यावरून येणाऱ्यास दोन्ही ओलांडावी लागतात. दोहोंत जी अधिक कडक, तीच चालते. खोलीत 'फुल कंट्रोल' असून दिंडीवर केवळ 'रीड' असेल, तर त्यास वाचताच येईल, लिहिता येणार नाही. त्याच संगणकापुढे बसलेला मात्र आधीच वाड्यात असतो. त्यास फक्त कुलूप अडवते.

आम्ही हे ठेच लागून शिकलो. सोयीसाठी 'एव्हरीवन'ला दोन्हीकडे पूर्ण मोकळीक दिली होती. घरातील एका मुलाने अडगळ समजून एक फोल्डर काढून टाकला; त्यात वर्षभराची देणगी-वही होती. जाळ्यावरून पुसलेली वस्तू सहसा कचरापेटीत जात नाही, थेट नाहीशी होते. कागदी पावत्या जपलेल्या होत्या म्हणून लाज राहिली. वही पुन्हा लिहिण्यात कित्येक रात्री गेल्या.

तात्पर्य, प्रत्येकास निराळे नाव व परवलीचा शब्द द्यावा. लिहिणाऱ्यास लिहिण्याची आणि इतरांस वाचण्याचीच मुभा ठेवावी. शिवाय दर आठवड्यास एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. परवानगी आवरणे म्हणजे घरच्यांवर अविश्वास नव्हे. लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैचा तो मान आहे.