जकात गेली, गोदामं राहिली

मराठ्यांच्या वसई मोहिमेत नाव कमावलेल्या गंगाजी नाईकांचं, भिवंडीजवळचं अंजूर आज गोदामांचं गाव म्हणून ओळखलं जातं. भातशेतीच्या जागी गाळे का उभे राहिले, याचं उत्तर जमिनीच्या भावात आहे तितकंच कराच्या कायद्यांतही आहे. तरी कराचा विषय निघाला की काही समजुती हमखास ऐकू येतात.

गैरसमज : गोदामं जकातीमुळे होती, जकात गेली, आता ती ओस पडणार.

यातलं अर्धंच खरं. मुंबईत माल शिरताना नाक्यावर जकात भरावी लागे. नाक्याअलीकडे ग्रामपंचायत हद्दीत माल उतरवला, की जेवढा माल मुंबईत जाईल तेवढ्याचीच जकात, तीही तो जाईल तेव्हा. जोडीला केंद्रीय विक्रीकर होता. परराज्यात थेट विक्री केली तर ‘सी’ फॉर्मवरही 2 टक्के कर, आणि त्याची वजावट नाही. तोच माल कंपनीने महाराष्ट्रातल्या स्वतःच्या गोदामात ‘एफ’ फॉर्मवर पाठवला, तर तो कर लागत नसे. म्हणून कंपन्या राज्याराज्यांत गोदाम ठेवत.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि दोन्ही कारणं एकाच दिवशी संपली. पण मुंबईची बाजारपेठ, उरणकडचं बंदर आणि नाशिक महामार्ग जागेवरच राहिले. राज्यागणिक गोदाम ठेवायची गरज संपल्यावर कंपन्या कमी पण मोठी गोदामं घेऊ लागल्या, आणि त्यात भिवंडीचा नंबर वर लागला. अडचण आहे ती जुन्या, बुटक्या गाळ्यांची, जिथे कंटेनर वळायलाही जागा नाही.

गैरसमज : सुतावरचा कर उतरला, म्हणजे यंत्रमागवाल्याचं भलं झालं.

22 सप्टेंबर 2025 पासून कृत्रिम धाग्याच्या सुतावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. कापडावर आधीपासून 5 टक्केच होता. 100 रुपयांच्या सुतावर 12 रुपये भरायचे आणि त्याचं 150 रुपयांचं कापड विकून साडेसात गोळा करायचे, म्हणजे साडेचार रुपये अडकायचे. त्याचा परतावा ऑगस्ट 2018 पासून मिळू लागला, तरी तो हातात येईपर्यंत भांडवल गुंतून राही. हा निर्णय चांगलाच आहे. पण भिवंडीतले कितीतरी मागवाले मजुरीवर कापड विणतात. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच. कराची सुटका आधी व्यापाऱ्याला मिळते. मजुरीचा दर आपोआप वाढत नाही, तो मागून घ्यावा लागतो.

गैरसमज : गाळा भाड्याने दिला की जीएसटी नंबर घ्यावाच लागतो.

महिना 40,000 भाडं धरा. वर्षाचे 4 लाख 80 हजार. एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर मालकाने केवळ या भाड्यासाठी नोंदणी करायची गरज नाही. भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून 18 टक्के, म्हणजे महिना 7,200 रुपये, त्यानेच सरकारकडे भरायचे असतात (कंपोझिशन योजनेतले भाडेकरू वगळून). ते तुमच्या भाड्यातून कापले जात असतील, तर हरकत घ्या. भाड्यावरच्या आयकराच्या टीडीएसची मर्यादाही एप्रिल 2025 पासून महिना 50,000 झाली आहे. त्याआधी कापलेला 10 टक्के बुडाला असं समजू नका. तो विवरणपत्रात वळता होतो, जास्त असेल तर परत मिळतो. पुढचा भाडेकरार करताना जीएसटी कोण भरणार ही ओळ आधी लिहून घ्या, सही नंतर करा.