फोटो कोणी काढला? दुवा कशासाठी?



गेल्या हिवाळ्यात शब्बाथ सुटल्यावर आमच्या इमारतीतील एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय ऐंशीच्या घरात, मूळचे अलिबागचे. खुर्चीवर बसता बसताच म्हणाले, "बाई, चार दिवसांत फोटो पुसून टाकला. आपल्या लोकांची माहिती त्यांना नकोच आहे." नातवाला हाताशी धरून त्यांनी विकिपीडियावर बेने इस्राएलांविषयीच्या पानात एक जुना समूहफोटो लावला होता. तो नाहीसा झाला, म्हणून स्वारी रागावली होती. "पुन्हा त्या वाटेला जाणार नाही," असे ते दोनदा म्हणाले.

मी विचारले, "फोटो कोणी काढला होता?" ते म्हणाले, "मला काय ठाऊक! एका पुस्तकात होता. नातवाने त्याचे स्कॅन केले." सगळी गोम तिथेच होती. असाच राग आणखी काही घरांतून ऐकला, म्हणून हा लेख.

विकिपीडिया हा २००१ साली सुरू झालेला, लोकांनी मिळून लिहिलेला विश्वकोश आहे. मराठी आणि हिब्रू या दोन्ही आवृत्त्या २००३ साली सुरू झाल्या. त्यात लिहिणारे आणि चुका काढणारे, दोघेही बिनपगारी. फोटो मात्र बहुतेक वेळा थेट लेखात ठेवत नाहीत. ते 'विकिमीडिया कॉमन्स' नावाच्या सामाईक भांडारात ठेवतात. फायदा असा की एकदा चढवलेला फोटो मराठी, हिब्रू, इंग्रजी अशा कोणत्याही भाषेतील लेखात वापरता येतो.

या भांडाराचा मुख्य नियम एकच: तिथला फोटो कोणालाही, कोणत्याही कामासाठी, धंद्यासाठीसुद्धा, मोफत वापरता आला पाहिजे. म्हणून ज्याला तशी परवानगी देण्याचा हक्क आहे त्यानेच ती द्यावी. हा हक्क बहुधा फोटो काढणाऱ्याचा असतो. फोटोत कोण आहे किंवा फोटो कोणाच्या पेटीत आहे, यावरून हक्क ठरत नाही. स्कॅन केल्यानेही तो आपला होत नाही. दुसऱ्याचे पत्र आपण सुवाच्य अक्षरात उतरवून काढले, म्हणून ते आपले पत्र होत नाही, तसेच हे.

आता आपल्या घरात कोणकोणते फोटो असतात ते पाहू.

पहिला प्रकार, स्वतः काढलेला फोटो. हे सर्वांत सोपे. 'हे माझे काम आहे' असे नोंदवून परवाना निवडायचा. नेहमीचा परवाना असा: कोणीही वापरा, फक्त काढणाऱ्याचे नाव द्या आणि पुढच्यालाही त्याच अटीवर द्या. 'फक्त विकिपीडियासाठी' किंवा 'विक्रीसाठी नाही' अशी अट चालत नाही. आणि एकदा दिलेली परवानगी परत घेता येत नाही. म्हणून नातवंडांचे किंवा हयात माणसांचे घरगुती फोटो चढवण्याआधी दहा वेळा विचार करा आणि त्यांना विचारा.

दुसरा प्रकार, स्टुडिओत पैसे देऊन काढवून घेतलेला फोटो. वेगळा करार नसेल तर भारतीय कायद्याने अशा फोटोचा हक्क पैसे देऊन तो काढवून घेणाऱ्याचा असतो. इथल्या २००७ च्या कायद्यातही व्यक्तिचित्र आणि घरगुती समारंभाच्या फोटोंसाठी असेच आहे. म्हणजे आजोबांनी काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क वारसांकडे आलेला असू शकतो. तेव्हा आधी भावंडांशी बोला.

तिसरा प्रकार, मुदत संपलेला फोटो. भारतात १९५८ पूर्वी काढलेले फोटो भारतीय कायद्याने आता मोकळे आहेत. इस्राएलमध्ये मे २००८ पूर्वी काढलेल्या फोटोंना, ज्या वर्षी काढले त्यापुढे ५० वर्षे संरक्षण असते. १९७० चा फोटो २०२१ च्या आरंभी मोकळा झाला. पण विकिपीडियाची संस्था अमेरिकेत आहे, म्हणून तिथला कायदाही पाहिला जातो आणि तो काही वेळा अधिक कडक असतो. फोटो १९४० नंतरचा असेल तर चढवण्याआधी कॉमन्सच्या मदत-पानावर विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही.

चौथा प्रकार, पुस्तक, कॅलेंडर, वर्तमानपत्र किंवा व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो. काढणारा कोण आणि केव्हा काढला, हे कळेपर्यंत हात लावू नका. हक्कदार माहीत असेल तर त्याने स्वतः ईमेलने लेखी परवानगी पाठवावी. ती तपासणारे स्वयंसेवक आहेत.

फोटोखाली कोण, कुठे आणि अंदाजे कोणत्या साली, हे लिहायला विसरू नका. समूहफोटो असेल तर डावीकडून उजवीकडे नावे द्या. आज ती नावे सांगू शकणारे आपणच उरलो आहोत.

आता दुव्यांकडे वळू. दुवा म्हणजे ज्यावर बोट ठेवले की दुसरे पान उघडते तो शब्द. दुवे दोन जातींचे.

आतला दुवा विकिपीडियाच्याच दुसऱ्या लेखाकडे नेतो. समजा, आपण मुंबईच्या शाआर हारहामीम सिनेगॉगविषयी लिहीत आहात. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ साली मांडवीत बांधले. यातील 'मांडवी' या शब्दाला दुवा द्यावा, तोही पहिल्या उल्लेखालाच. प्रत्येक ओळीत दिला तर पान निळ्या शाईने माखल्यासारखे दिसते. लाल दिसणारा दुवा म्हणजे चूक नव्हे. तो लेख अजून कोणी लिहिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. कदाचित तो आपल्यालाच लिहायचा असेल.

बाहेरचा दुवा दुसऱ्या संकेतस्थळाकडे नेतो. तो मजकुराच्या मध्ये घालत नाहीत. लेखाच्या शेवटी 'बाह्य दुवे' या मथळ्याखाली मोजकेच देतात. जाहिरातीचे दुवे चालत नाहीत. मुलाचा केटरिंगचा धंदा असेल आणि त्याच्या हातचा चिकाचा हलवा कितीही नावाजलेला असला, तरी त्याचा दुवा तिथे नको. कोणीतरी परवानगीशिवाय चढवलेल्या पुस्तकाचा किंवा गाण्याचा दुवाही देऊ नये. तो चोरीच्या मालाचा पत्ता सांगण्यासारखा ठरतो.

पुष्कळांना वाटते, दुवा नसेल तर संदर्भ देता येत नाही. तसे नाही. छापील पुस्तकही संदर्भ म्हणून चालते. हाइम सॅम्युएल केहीमकरांचा बेने इस्राएलांचा इतिहास १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. तो आपल्या कपाटात असेल तर लेखक, पुस्तकाचे नाव, साल आणि पान लिहिले की झाले. आजीकडून ऐकलेली गोष्ट मात्र विश्वकोशात बसत नाही. ती या नियतकालिकासाठी लिहा.

हे नियम कोणाला हाकलण्यासाठी केलेले नाहीत. उद्या आपण काढलेला फोटो कोणी न विचारता आपल्या नावावर खपवला, तर आपल्यालाही राग येईलच ना?

आमच्या शेजाऱ्यांना मी विचारले, "तुम्ही स्वतः काढलेला एखादा फोटो आहे का?" दुसऱ्या दिवशी ते बिस्किटांचा डबा घेऊन आले. भारतभेटीत त्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने अलिबागच्या इस्राएल आळीत उभे राहून मागेन अबोथचा फोटो काढला होता. थोडा वाकडा आहे, कोपऱ्यात एक सायकलही आली आहे. आम्ही तो चढवला आणि खाली मराठी व हिब्रू दोन्ही भाषांत माहिती लिहिली. आज इतके महिने झाले, तो जागेवर आहे.

असे डबे आपल्या घरोघरी आहेत. आपल्यामागे मुले घर रिकामे करतील तेव्हा नावे नसलेल्या फोटोंचे काय होईल, ते आपण जाणतोच. तेव्हा या आठवड्यात डबा उघडा, एक फोटो निवडा आणि त्याच्या मागे पेन्सिलीने लिहा: कोणी काढला, कुठे, केव्हा. चढवायला नातू आहेच.