पहिल्या दुपटीला ३ अंश, मग दुसऱ्या दुपटीला किती?

हवामानबदलाच्या चर्चेत ‘३ अंश’ हा आकडा तुम्ही ऐकला असेल. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि समुद्रासकट सगळं स्थिर व्हायला पुरेसा वेळ मिळाला, तर पृथ्वीचं सरासरी तापमान किती वाढेल, त्याचं हे उत्तर. याला हवामानाची संवेदनशीलता म्हणतात. आयपीसीसीच्या २०२१च्या अहवालात ३ हा मधला अंदाज आहे आणि २.५ ते ४ ही संभाव्य कक्षा. पण हा आकडा प्रत्येक दुपटीला तोच राहतो का?

हिशेब करून बघा. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दर दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. पहिली दुप्पट ५६०, दुसरी ११२०. दर दुपटीमागे चौरस मीटरला साधारण ३.९ वॅट जादा उष्णता अडकते. तापलेली पृथ्वी अवकाशात जास्त उष्णता फेकते. एका अंशामागे १.३ वॅट धरा. ३.९ भागिले १.३, उत्तर ३. आता समजा, दुसऱ्या दुपटीपर्यंत १.३चे १.१ झाले (हा आकडा फक्त उदाहरणाला घेतलाय). मग त्या दुपटीचे ३.५ अंश होतात. जोर तेवढाच, वाढ जास्त.

कोल्हारपासून लोणीपर्यंतच्या उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांना हे गुऱ्हाळावरून पटेल. काहिलीतला रस उकळायला लागला की १०० अंशांच्या आसपास बराच वेळ रेंगाळतो. पाणी आटून पाक घट्ट झाला की त्याच जाळावर तापमान भराभर चढतं, आणि ११८च्या सुमाराला काहील उतरवावी लागते. कारण वेगळं आहे, त्यामुळे उपमा इथेच सोडू. मुद्दा एवढाच, की जाळाचा परिणाम काहिलीतल्या मालाच्या अवस्थेवर ठरतो.

पृथ्वीच्या बाबतीत मुख्य भानगड वाफेची आहे. हवा एक अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, आणि वाफ स्वतःच उष्णता अडवते. वाफ वाढत गेली की उष्णता थेट अवकाशात निसटायच्या उरलेल्या वाटाही बुजत जातात. बर्फाचं उलट आहे: तो वितळत असतो तोवर उघडी पडलेली काळी जमीन आणि समुद्र ऊन शोषून तापमान वाढवतात, पण बर्फ संपला की हा परिणामही संपतो. ढग दोन्हीकडे खेचू शकतात. सगळ्याची बेरीज केली तर बहुतेक संगणकीय मॉडेलांत कार्बन वाढेल तशी संवेदनशीलताही वाढते. २०१९मध्ये टापिओ श्नायडर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या गणितात १२००च्या आसपास समुद्रावरचे खालचे ढगच फुटले आणि आणखी ८ अंशांची भर पडली. ते गणित ढगांच्या एका छोट्या तुकड्यावरचं होतं, म्हणून तो ८चा आकडा मी भाकीत म्हणून वापरणार नाही. पण पायरी अचानक येऊ शकते, हे त्यातून दिसतं.

मॉडेलांवर विश्वास नसेल तर पायाखाली बघा. कोल्हारला प्रवरेकाठी खोल खणलं की गाळाखाली काळा कातळ लागतो. प्रवरा उगवते त्या अकोल्यातल्या डोंगरांत याच कातळाचे थरावर थर दिसतात. दख्खनच्या लाव्ह्याच्या सर्वांत खालच्या गटाला भूशास्त्रात कळसूबाईचंच नाव आहे. हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. त्याच काळात पृथ्वी काही अंशांनी तापल्याच्या खुणा समुद्रतळाच्या गाळात आहेत, आणि ज्वालामुखींतून निघालेला कार्बन हे त्याचं मुख्य कारण मानतात. मग त्यावरून आपल्या काळाची संवेदनशीलता काढता येईल? थेट नाही. तेव्हाचं जग आधीच उबदार होतं, ध्रुवांवर आजच्यासारखे प्रचंड हिमथर नव्हते. म्हणजे तिथे बर्फाचा हातभार जवळजवळ नव्हता आणि वाफेचा भरपूर होता. आपली सुरुवात बर्फ असलेल्या जगातून झाली आहे.

म्हणून कुणी २ अंशांवरचा अंदाज दुप्पट करून ४ अंशांच्या जगाचं चित्र काढलं, तर आधी विचारा, हे ४ अंश आले कुठून. ५६०पर्यंत सरळ रेषेचा हिशेब बऱ्यापैकी चालतो. हजाराच्या पुढे तोच हिशेब वापरला तर उत्तर कमी यायची शक्यता जास्त.