वंगणाअभावी इंजिन जाम होणे

वंगणतेल नसताना अंतर्ज्वलन इंजिनाचे हलते भाग घर्षणाने तापून एकमेकांना चिकटतात. यास इंजिन जाम किंवा ‘सीझ’ होणे म्हणतात. बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राच्या लहान इंजिनात पहिला बळी बहुधा कनेक्टिंग रॉडचा जातो. ॲल्युमिनियमचा हा दांडा पुष्कळदा वेगळ्या बेअरिंगविना थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला असतो. तेल संपताच त्याचा धातू शाफ्टवर लिंपला जातो. दांडा तुटल्यास इंजिनाच्या कवचालाही भोक पडू शकते. नुसते नवे तेल भरून इंजिन पुन्हा सुरू करणे हा लोकप्रिय, पण घातक उपाय होय. आधी स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाहावे. उरलेल्या तेलात चकचकीत कीस आहे का, तेही तपासावे. लिंपलेले ॲल्युमिनियम हायड्रोक्लोरिक आम्लाने सावधपणे काढता येते. शाफ्टवर खोल चरे पडले असल्यास किंवा कवच फुटले असल्यास मात्र बहुधा इंजिन बदलणेच परवडते.