दुकानाची पाटी आता मोबाईलवर
चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी

चंद्रपूर व गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे. सागवान, बांबू, तेंदूपत्ता व धान हा इथल्या व्यापाराचा कणा. गडचिरोली जिल्ह्याला वर्षानुवर्षे रेल्वे भेटली ती फक्त वडसा-देसाईगंजला. अशा मुलखात गिऱ्हाईक दुकानापर्यंत आणणे ही जुनीच अडचण आहे. पूर्वी त्यावर उपाय होता तो पाटीचा, हँडबिलाचा आणि आठवडी बाजारातल्या भोंग्याचा. सप्टेंबर 2016 नंतर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला आणि हे काम हळूहळू व्हॉट्सॲप, फेसबुक व इन्स्टाग्रामकडे गेले.

पण हा बदल कोणत्याही संस्थेत एका दिवसात होत नाही. इनेस मर्गेल व स्टुअर्ट ब्रेटश्नायडर या अभ्यासकांनी 2013 साली सरकारी कचेऱ्यांबाबत त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. आधी एखादा हौशी माणूस स्वतःहून सुरुवात करतो. मग अनेकजण करू लागतात, गोंधळ होतो व नियमांची गरज भासते. शेवटी नियम ठरतात व ते रोजचे काम बनते. आम्हाला वाटते, आपल्या बाजारपेठेलाही हेच माप लागू पडते. आपल्यातील बरेच दुकानदार अजून पहिल्या पायरीवर आहेत. पुतण्याने पेज काढले, त्याच्याच नंबरावर ऑर्डरी येतात आणि पासवर्डही त्यालाच ठाऊक. उद्या तो नोकरीसाठी नागपूरला गेला, तर गिऱ्हाईकही त्याच्याबरोबर गेले असे समजावे.

आधी नाव, मग जाहिरात

सेवाभावी संस्थांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. वरोऱ्याचे आनंदवन 1949 चे, हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प 1973 चा, तर डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' 1986 पासून गडचिरोलीत काम करते. बाबा आमटे यांना 1985 मध्ये व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना 2008 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही नावे फेसबुकने मोठी केलेली नाहीत. काम आधी झाले, विश्वास आधी बसला. मोबाईल तो विश्वास फक्त दूरवर पोहोचवतो. खराब लाकडाचा पलंग कितीही सुंदर फोटोत दाखवला, तरी तक्रारही त्याच वाटेने गावभर फिरते.

याचा दाखला शेजारीच आहे. ताडोब्याच्या वाघांचे फोटो पर्यटकच जगभर पाठवतात. ती फुकटची जाहिरात. पण 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण व तिच्या पिल्लांची वाट अडवली. ती चित्रफीत पसरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. धंदा वाढवणारे साधन तेच, अंगलट येणारेही तेच.

रेंज नाही तिथे काय?

2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले व दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये त्याला जोडली गेली. 2020 च्या टाळेबंदीत वर्ग मोबाईलवर आले, तेव्हा ज्यांच्या गावी रेंज नव्हती ते विद्यार्थी मागे पडले. हाच धडा दुकानदारालाही लागू आहे. भामरागड, एटापल्लीकडचे गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर दिसले नाही, म्हणून ते नाहीच असे मानू नये. आठवडी बाजार व फोनवरची विचारपूस सोडू नये.

एवढे तरी करावे

पहिले, दुकानाचा नंबर वेगळा ठेवावा व तो मालकाच्या नावावर असावा. जानेवारी 2018 मध्ये आलेले व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप लहान धंद्यांसाठी मोफत आहे. त्यात मालाचे फोटो, भाव व दुकानाची वेळ टाकता येते.

दुसरे, गिऱ्हाईकांची नावे व नंबर वहीतही लिहून ठेवावेत. ऑर्कुट सप्टेंबर 2014 मध्ये बंद झाले, टिकटॉकवर जून 2020 मध्ये बंदी आली. ज्यांचे सारे गिऱ्हाईक तिथेच होते, त्यांना पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागली. ॲप दुसऱ्याचे असते, वही आपली असते.

तिसरे, उत्तर कोण देणार, उधारी व परतीचे नियम काय, हे आधीच ठरवावे. ईदच्या हंगामात शिलाईच्या ऑर्डरी एकदम येतात. त्यावेळी झेपेल तेवढ्याच घ्याव्यात व तारीख लिहून द्यावी.

चौथे, पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. 'ॲडव्हान्स पाठवतो, कोड स्कॅन करा' म्हणणाऱ्या अनोळखी गिऱ्हाईकापासून सावध राहावे. फसवणूक झालीच, तर ताबडतोब 1930 या नंबरावर तक्रार करावी.

आपल्या सुताराच्या, शिंप्याच्या, वेल्डरच्या हातात हुन्नर आहेच. तो जिल्ह्याबाहेर दिसावा यासाठी मोबाईल चांगला नोकर आहे. मात्र दुकानाच्या किल्ल्या जशा आपण नोकराच्या भरवशावर सोडत नाही, तसाच त्याचा हिशेबही मालकाने स्वतः पाहावा.