जाणत्या मुलाचे परदेशी दत्तक जाणे : काही विचार, काही सूचना

महाड-पोलादपूर भागात मूल नातेवाइकांकडे वाढणे ही नवीन गोष्ट नाही. आई-वडिलांचे छत्र हरपले की काका, मामा, आत्या मुलाला जवळ करतात, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला व ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही असाच प्रसंग ओढवला. अशा संकटानंतर मागे राहिलेल्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी उभा राहतो. पूर्वी मुलाला नेणारा काका परळ-लालबागला असे. आज तो अमेरिकेत, इंग्लंडात किंवा ऑस्ट्रेलियातही असू शकतो. म्हणूनच तेरा-चौदा वर्षांचे मूल दत्तक होऊन परदेशी जाणार असेल तर त्याची तयारी कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. जुन्या रूढीत दत्तक घेतला जाई तो बहुधा मुलगाच, आणि तोही वंश व पिंडदानासाठी. पू. बाबासाहेबांनी कायदेमंत्री असताना पुढे नेलेल्या हिंदू कोड बिलात दत्तकाचा विषय होता. ते बिल रखडले, आणि १९५१ साली त्यांनी दिलेल्या राजीनाम्याचे ते एक प्रमुख कारण होते. पुढे १९५६ साली दत्तक व पोटगीचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली आणि स्त्रीलाही दत्तक घेण्याचा हक्क मिळाला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. या कायद्यान्वये साधारणपणे पंधरा वर्षे पूर्ण न झालेले मूलच दत्तक घेता येते. आई-वडील दोघेही हयात नसतील तर पालकाला न्यायालयाची पूर्वपरवानगी घेऊनच मूल दत्तक देता येते. भावकीने बसून स्टँप पेपरवर सह्या केल्या म्हणजे दत्तक झाले, हा समज सोडून द्यावा.

दुसरा मार्ग २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा. त्यात काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा यांना नातेवाईक म्हणून दत्तक घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीने या कायद्याखालील दत्तकाचा आदेश देण्याचे काम न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आले. कोणत्याही मार्गाने गेले तरी मूल परदेशी न्यायचे असल्यास दिल्लीच्या ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्या त्या देशाचे नियमही आधी पाहावेत. अमेरिकेच्या बाबतीत सोळा वर्षे ही सर्वसाधारणपणे महत्त्वाची वयोमर्यादा आहे. पहिली चौकशी अलिबागच्या जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात करणे उत्तम.

कागदपत्रांची गोष्ट निघाली आहे म्हणून बँकेतील माणसाच्या नात्याने एक सांगतो. दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघराशी संबंध संपतो, म्हणून त्याची जमीनही गेली, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. दत्तकापूर्वी जी मिळकत मुलाच्या मालकीची झाली, ती दत्तकानंतरही त्याचीच राहते. म्हणून आई-वडिलांच्या सातबाऱ्यावर मुलाची वारस नोंद झाली आहे ना, हे तो जाण्यापूर्वी तलाठी कार्यालयात पाहावे. बँकेतील ठेवी, पोस्टाची खाती, विम्याचे कागद यांची यादी करून एक प्रत मुलाकडे, एक नव्या पालकांकडे व एक गावातील विश्वासू माणसाकडे ठेवावी. मूल परदेशी राहू लागल्यावर त्याच्या साध्या खात्याचे अनिवासी खात्यात रूपांतर करावे लागते, तेही ध्यानात ठेवावे.

परंतु कागद पुरे झाले म्हणजे तयारी झाली असे नव्हे. भाताचे रोप उपटताना मुळांची माती झटकली तरी ते लावणीत जीव धरते. आंब्याचे वाढलेले कलम हलवायचे तर मुळांशी मातीचा गोळा ठेवावाच लागतो. तान्हे मूल आणि जाणते मूल यांत हाच फरक आहे. जाणत्या मुलाने आपला गाव, भाषा आणि माणसे पाहिलेली असतात. ती त्याच्याबरोबर गेली पाहिजेत.

म्हणून पहिली गोष्ट, मुलाला खरे सांगावे. “सुट्टीला जायचे आहे” असे सांगून मुलाला विमानात बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आपण का जात आहोत, कोणाकडे, किती काळ, परत केव्हा येता येईल, हे त्याला कळले पाहिजे. त्याची इच्छा विचारात घ्यावी, असे बाल न्याय कायदाही सांगतो. मूल नको म्हणाले तर त्याला गप्प करू नये. त्याची भीती कशाची आहे ते विचारावे.

दुसरी गोष्ट, निरोप नीट घेऊ द्यावा. शाळा, मित्र, वाडी, आजीचे घर येथे त्याला एकदा जाऊ द्यावे. घर दरडीखाली गेले असेल तरी त्या जागी जाण्याची त्याची इच्छा असल्यास सोबत जावे. एका वहीत आई-वडिलांचे फोटो, नातेवाइकांची नावे व पत्ते, शाळेचे दाखले, स्वतःच्या आठवणी त्याच्याच हाताने लिहून घ्याव्यात.

तिसरी गोष्ट भाषेची. खंडव्याचा सरू ब्रायरली १९८७ साली लहान वयात ऑस्ट्रेलियात दत्तक गेला. तो आपली भाषा विसरला. २०१२ साली आईची भेट झाली तेव्हा दोघांमध्ये बोलायला समान भाषा उरली नव्हती. चौदा वर्षांचे मूल इतके विसरत नाही, परंतु वापर नसेल तर भाषा गंजते. म्हणून इंग्रजीचा सराव करावाच, विशेषतः “मला समजले नाही, पुन्हा सांगा” असे न लाजता म्हणण्याचा. त्याचबरोबर आठवड्यातून एकदा गावी मराठीत फोन करण्याचा दिवस ठरवून घ्यावा.

चौथी गोष्ट रोजच्या जगण्याची. डिसेंबरात लंडनमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे आपल्या मुलाला आधी सांगितलेले बरे. भात, भाकरी, कुळथाची पिठी स्वतः करता आली तर परक्या घरातही एक वेळ आपली होते. सुकट-बोंबील बांधून देण्यापूर्वी त्या देशाचे नियम विचारावेत. ऑस्ट्रेलियात तर उतरताना खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. संकटकाळचा फोन क्रमांक पाठ असावा. अमेरिकेत तो ९११, इंग्लंडात ९९९, ऑस्ट्रेलियात ००० आहे. घरातील कोणी त्रास दिला तर शाळेतील शिक्षकांना निर्भयपणे सांगायचे, हेही स्पष्ट बोलावे. यात नातेवाइकांवर अविश्वास नाही, मुलाची काळजी आहे.

नव्या पालकांसाठीही दोन शब्द. पहिले काही आठवडे मूल शहाण्यासारखे वागते. पुढे ते चिडते, रडते, गप्प बसते. तो कृतघ्नपणा नव्हे, तो शोक असतो. “तुझ्यासाठी आम्ही एवढे केले” हे वाक्य त्या घरात कधी उच्चारले जाऊ नये. उपकाराच्या ओझ्याखाली मूल वाकते, वाढत नाही. ‘कारा’च्या मार्गाने झालेल्या परदेशी दत्तकात पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी व दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलाच्या प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो. त्याला कटकट मानू नये. मुलाची विचारपूस करणारे कोणी आहे, याचा तो पुरावा आहे.

शेवटी समाजबांधवांना विनंती एवढीच की, आपल्या वाडीतील एखादे मूल असे दूर जाणार असेल तर सत्कार आणि हारतुरे यांवर न थांबता दोन-तीन जाणत्या माणसांनी त्याची जबाबदारी घ्यावी. एकाने वारस नोंद पाहावी, एकाने ती वही पुरी करून घ्यावी, एकाने त्याचा फोन आल्यावर उचलावा. मूल पुढे कोठेही राहो, गावातला तो फोन चालू राहिला पाहिजे.