दवाखान्याची पाटी कशी वाचायची?

सिडको बसस्थानकावर एस.टी.तून उतरून जालना रोडने क्रांती चौकाकडे निघालं, की दवाखान्यांच्या पाट्या मोजताना दमायला होतं. नाव मोठ्या अक्षरांत, नावाखाली पदव्यांची लांबलचक माळ आणि तिच्याखाली 'कन्सल्टंट'. जालन्याहून, बीडहून, परभणीहून, पार बुलढाण्याहून बाया या रस्त्यावर येतात. कुणी मजुरी बुडवून आलेली असते, कुणी पोत गहाण ठेवून. दार चुकलं तर एक खेप वाया जाते. पुढची खेप कधी होईल, हे तिच्या हातात नसतं. म्हणून आज आपण या पाटीवरची अक्षरं वाचायला शिकू.

आधी 'कन्सल्टंट' हा शब्द. ती पदवी नव्हे. ज्याने एखाद्या विषयाचं पुढचं शिक्षण घेतलं आहे आणि जो स्वतःच्या जबाबदारीवर रोग्याचा निर्णय घेतो, त्याला रुग्णालयात कन्सल्टंट म्हणतात. आता पुढचं शिक्षण म्हणजे किती? एम.बी.बी.एस.ला साडेचार वर्षं शिकायचं आणि एक वर्ष इंटर्नशिप करायची, म्हणजे साडेपाच वर्षं. त्यानंतर एम.डी. किंवा एम.एस. तीन वर्षांचं. त्याच्याही पुढे एकाच अवयवाचं किंवा एकाच तऱ्हेच्या आजाराचं शिकायचं असेल, तर डी.एम. किंवा एम.सीएच. ही आणखी तीन वर्षं. 'सुपर स्पेशालिस्ट' म्हणतात तो हा. बारावीनंतर साडेअकरा वर्षं झाली, मधल्या प्रवेश परीक्षांची आणि सक्तीच्या सेवेची वर्षं वेगळीच.

लक्षात ठेवायला एक सोपी खूण सांगतो. एम.डी. आणि डी.एम. ही माणसं मुख्यतः औषधाने उपचार करणारी. एम.एस. आणि एम.सीएच. ही शस्त्रक्रिया करणारी. किडनीचंच बघा. किडनी नीट काम करत नाही, अंगावर सूज येते, डायलिसिस सांगितलंय, तर नेफ्रॉलॉजिस्टकडे जायचं, तो डी.एम. मुतखडा अडकलाय, काढायचाय, तर युरोलॉजिस्ट, तो एम.सीएच. मेंदूचंही तसंच. फिट आणि अर्धांगवायू न्यूरॉलॉजिस्टकडे, गाठ आणि मार लागलेलं डोकं न्यूरोसर्जनकडे. या खुणेला अपवाद आहेत. हृदयाच्या नळीत स्टेंट घालणारा कार्डिऑलॉजिस्ट डी.एम.च असतो. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाटीवर कुठे एम.डी. दिसेल, कुठे एम.एस.; जुन्या लोकांना एम.डी. मिळायची, आता एम.एस. मिळते. शिक्षण एकच, त्यात डावं-उजवं करायचं कारण नाही.

डी.एन.बी. दिसलं की लोक बिचकतात. ती राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी आहे. मान्यता मिळालेल्या मोठ्या रुग्णालयांत, खासगी रुग्णालयांतसुद्धा, हे शिक्षण होतं आणि देशभर एकच परीक्षा असते. ती एम.डी., एम.एस.च्या बरोबरीची आहे. डी.जी.ओ. म्हणजे स्त्रीरोग आणि प्रसूतीचा डिप्लोमा, डी.सी.एच. म्हणजे बालरोगाचा. हे दोन वर्षांचे. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत कितीतरी बाळंतपणं डी.जी.ओ. झालेल्या बायांनी केली आहेत, रात्री-बेरात्री, लाईट गेलेली असताना. नुसती अक्षरं मोजून माणूस मोजता येत नाही, तो असा.

'एफ'ने सुरू होणाऱ्या अक्षरांना मात्र जरा थांबून विचारा. फेलोशिप दोन वर्षांची असते, तशी काही आठवड्यांचीही असते. एफ.आर.सी.एस., एम.आर.सी.ओ.जी. या ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेजांच्या परीक्षा आहेत आणि त्या अवघड आहेत. उलट काही अक्षरं म्हणजे एखाद्या संस्थेचं वर्गणी भरून मिळालेलं सभासदत्व असतं. पाटीवर दोन्ही एकाच आकारात रंगवलेली असतात!

आता कंसाकडे बघा. 'एम.एस. (आयुर्वेद)' हीसुद्धा पदवी आहे, आणि त्यातही स्त्रीरोग व प्रसूती असा विषय असतो. पण ते शिक्षण आयुर्वेदाचं, बी.ए.एम.एस.नंतरचं. पाटीवर 'एम.एस.' ठसठशीत आणि कंस बारीक असेल, तर आपण नेमक्या कुणाकडे चाललो आहोत हे बाईला कळायला हवं. आयुर्वेदाचे उपचार घ्यायचे असतील तर समजून-उमजून घ्यावेत. अडचण फक्त न समजता घेण्याची आहे.

गावाचं नाव वाचतानाही गंमत होते. साठीच्या पुढच्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर मराठवाडा विद्यापीठाचं नाव असतं, तरुणांच्या पदवीपुढे 'नाशिक'. म्हणजे हे सगळे नाशिकला शिकायला गेले होते का? नाही. 1998 साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला सुरू झालं आणि राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडली गेली. तेव्हापासून आपल्या घाटीत शिकलेल्या मुलीलाही पदवी नाशिकच्या विद्यापीठाची मिळते.

घाटीचा विषय निघाला म्हणून थोडं तिच्याबद्दल. आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 सालचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. त्याआधी इकडच्या पोराला डॉक्टर व्हायचं तर हैदराबाद गाठावं लागे. हे कॉलेज झालं आणि शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या घरातली मुलं डॉक्टर व्हायला लागली. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मराठवाडा विद्यापीठाची पदवी घेऊन नेत्रतज्ज्ञ झाले, पुढे मुंबईच्या जे.जे. रुग्णालयाचे अधिष्ठाता झाले, 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे 1989 साली शहरात डॉ. हेडगेवार रुग्णालय उभं राहिलं, त्याच सुमारास एम.जी.एम.चं वैद्यकीय महाविद्यालय आलं. आज या पाट्यांवर जी नावं आहेत, त्यांतली पुष्कळशी या वर्गांतून बाहेर पडलेली आहेत.

घाटीत गेल्यावर बाया विचारतात, "मोठे डॉक्टर कुठायत? हे तर पोरंच दिसतात." ती पोरं निवासी डॉक्टर असतात. एम.बी.बी.एस. पूर्ण करून ती एम.डी., एम.एस. शिकत असतात. तिथं युनिटची पद्धत आहे. एक प्राध्यापक, त्यांच्या हाताखाली सहयोगी आणि सहायक प्राध्यापक आणि मग हे निवासी डॉक्टर. प्रत्येक युनिटचे ओ.पी.डी.चे वार ठरलेले असतात. केस पेपरवर युनिट लिहिलेलं असतं, ते बघा आणि त्याच वारी जा. दुसऱ्या वारी गेलात तर नव्या माणसासमोर पहिल्यापासून सगळी कहाणी सांगावी लागते.

आता आमच्या मनातली खरी गोष्ट. आमच्याकडे येणारे प्रश्न बघता एक जाणवतं, की कुठलंही दुखणं असलं तरी बाईला आधी 'लेडीज डॉक्टर' हवा असतो. ते साहजिक आहे. आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेत एम.डी. झाल्या त्या याच गरजेसाठी, आणि रखमाबाईंनी विलायतेत शिकून येऊन सुरतेत आणि राजकोटात बायकांचे दवाखाने चालवले तेही याच गरजेपोटी. पण स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाशयाची, बाळंतपणाची, पाळीची जाणकार. बाईचं सगळं शरीर म्हणजे गर्भाशय नव्हे.

स्तनात गाठ लागली, तर ते काम मुळात सर्जनचं, म्हणजे जनरल सर्जरीतल्या एम.एस.चं. लाज वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हरकत नाही. मात्र त्यांनी सर्जनकडे चिठ्ठी दिली तर ती पिशवीत ठेवून घरी जाऊ नका. गाठ दुखत नाही म्हणून थांबणं सगळ्यात वाईट, कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. हाताने तपासणं, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने तुकडा काढून तपासणं, या तिन्हींवर निदान होतं. कर्करोग निघालाच, तर एकच डॉक्टर सगळं करत नाही. गाठ काढणारा सर्जिकल ऑन्कॉलॉजिस्ट वेगळा, किमोथेरपी देणारा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट वेगळा आणि शेक, म्हणजे रेडिएशन, देणारा तिसराच. तीन ठिकाणी पाठवलं म्हणजे टोलवाटोलवी चालली आहे, असं समजू नका. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करुग्णालयात ही तिन्ही कामं एका छताखाली होतात. तीस वर्षांपुढच्या बाईची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून मिळते, हेही सांगून ठेवतो.

सकाळी उठल्यावर बोटं आखडतात, सांधे सुजतात, तासभर पोळपाट-लाटणं धरवत नाही. याला आपण वात म्हणतो आणि हाडाच्या डॉक्टरकडे जातो. ही संधिवाताची जात पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीने जास्त. त्याचा जाणकार ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. तो जवळ नसला तर निदान मेडिसिनचा एम.डी. गाठा. वेळेवर औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होणं टाळता येतं. खोकताना, हसताना लघवी सुटते, ही तक्रार तर कुणी सांगतच नाही. ती स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा युरोलॉजिस्ट, दोघांनाही सांगता येते, आणि तिच्यावर व्यायामापासून शस्त्रक्रियेपर्यंत उपाय आहेत. झोप नाही, रडू येतं, बाळंतपणानंतर बाळाकडे बघवत नाही, यासाठी मानसोपचारतज्ज्ञ असतो. तोही एम.डी.च.

आणि गर्भाशय. हा विषय आपल्या मराठवाड्याचा दुखरा भाग आहे. 2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या सुमारे 82 हजार बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13 हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या. पाळीत खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो, अंगावरून पांढरं जातं, 'कॅन्सर होईल' असं कुणी सांगतं, आणि पिशवी जाते. त्यानंतर त्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. पिशवी काढायला सांगितली तर विचारा: सोनोग्राफीत काय दिसलं? गर्भाशयमुखाची तपासणी झाली का? गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनाने भागेल का? अंडाशयही काढणार का? कमी वयात दोन्ही अंडाशयं गेली तर पाळी लगेच कायमची थांबते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. काही जणींना शस्त्रक्रिया खरंच लागते, आणि लागते तेव्हा ती करावीच. पण रक्त धो-धो वाहत नसेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घेण्याइतका वेळ असतोच.

दुसरं मत विचारलं तर डॉक्टर रागावतील, ही भीती सोडा. 2021 साली महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत रुग्णहक्कांची सनद आली. दुसरं मत घेण्याचा हक्क त्यात आहे. पुरुष डॉक्टर तपासत असेल तर खोलीत बाई हजर असण्याचा हक्कही आहे. ही सनद आणि दरपत्रक दवाखान्यात लावलेलं असलं पाहिजे. बिलाच्या खिडकीशेजारी, झाडाच्या कुंडीमागे, कुठंतरी सापडेल!

शस्त्रक्रिया ठरली की आणखी दोन चौकश्या करा. भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ हा स्वतंत्र एम.डी. असतो, आदल्या दिवशी तो भेटला पाहिजे, आणि त्याला दमा, बी.पी., आधीच्या भुलेचा त्रास, हलणारे दात, सगळं सांगायचं. दुसरं, रात्री कोण असणार? पाटीवरचे पुष्कळ कन्सल्टंट 'व्हिजिटिंग' असतात, म्हणजे बोलावल्यावर येतात. रात्री वॉर्डात असतो तो आर.एम.ओ., अनेक ठिकाणी तो दुसऱ्या पॅथीचा असतो. त्याचं शिक्षण विचारा, आणि त्रास झाला तर मुख्य डॉक्टर किती वेळात पोहोचतील तेही. रक्ताच्या रिपोर्टखालची सही बघायला विसरू नका. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ती पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी.

पाटीची खातरजमा करणं अवघड नाही. 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे ॲलोपॅथीच्या प्रत्येक डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर लिहायचा असतो. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी दिसते. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सांगा, मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे. आयुर्वेदाच्या आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांची नोंद वेगळ्या परिषदांकडे असते, ती या यादीत मिळणार नाही.

त्याच आचारसंहितेत आणखी एक कलम आहे. भरती झालेल्या रोग्याने आपले कागद मागितले, तर ते 72 तासांच्या आत द्यावे लागतात. लेखी अर्ज करा, त्याची पोच घ्या. आणि सगळे कागद तारखेप्रमाणे लावून एका फाईलमध्ये ठेवा, जुन्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांसकट. पुढचा डॉक्टर आधी तेच मागतो.